१ टीबी हार्ड डिस्कवरून ५०० जीबी एसएसडीवर: डीटीपीच्या लॅपटॉपच्या स्थलांतराच्या नोंदी

लॅपटॉप गोव्यातल्या मांद्रे गावच्या एका डीटीपीच्या (संगणकावर छपाईची पानं मांडण्याच्या) दुकानातला. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, ५४०० आरपीएमची १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १० होम. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, दशावतारी आणि चवथीतल्या (गणेशचतुर्थीतल्या) नाटकांची हँडबिलं, शिवाय दुकानाचा टॅलीतला हिशेब, सगळं याच एका यंत्रावर. चालू करून पेजमेकर (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) हाताशी यायला जवळपास चार मिनिटं लागतात. म्हणून हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेला जलद ड्राइव्ह, बसवायची.

कोरी विंडोज टाकून सॉफ्टवेअर नव्याने बसवायचा विचार पहिल्याच दिवशी सोडला. पेजमेकर ७ ची सीडी आता वाचली जात नाही, डोंगलवर (यूएसबीत लावायच्या परवान्याच्या कळीवर) चालणाऱ्या मराठी फॉन्टसंचाचा इन्स्टॉलर कुणाकडे उरलेला नाही, आणि दहा वर्षांच्या फायली त्याच संचाच्या युनिकोडपूर्व फॉन्टांत आहेत. फॉन्टसंच गेला तर एकही जुनं पत्रक धड उघडणार नाही. म्हणून आहे ती अख्खी मांडणी जशीच्या तशी उचलून नव्या ड्राइव्हवर ठेवायची. चवथीची कामं ऑगस्टात सुरू होतात, त्याआधी हे संपायला हवं.

कमांडची नावं खाली उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजीत.

६ जुलै

पहिली चूक खरेदीतच. मॉडेलच्या माहितीपत्रकात एम डॉट टू स्लॉट (चपट्या एसएसडीची खाच) आहे असं वाचून म्हापशाहून त्यात बसणारी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी आणली. झाकण उघडलं तर मदरबोर्डावर स्लॉटची जागा छापलेली, स्क्रूचं भोकही आहे, पण सॉकेटच बसवलेलं नाही. एकाच मॉडेलच्या स्वस्त प्रकारांत कंपन्या असं करतात. माहितीपत्रक सगळ्या प्रकारांचं मिळून एकच असतं.

आधी उघडा, मग विकत घ्या. झाकणाचे दिसणारे स्क्रू दहा, आणि मागच्या रबरी पट्टीखाली लपलेले आणखी दोन. ते दोन न काढता झाकण ओढलं तर कडेच्या प्लास्टिकच्या खिट्ट्या तुटतात. झाकण निघाल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, त्यानंतरच बाकी कशाला हात लावायचा.

७ जुलै

पाकिटाचं सील शाबूत होतं म्हणून एसएसडी बदलून मिळाली. आता जुन्या डिस्कच्याच जागी बसणारी २.५ इंची साटा एसएसडी, ५०० जीबी, ७ मिमी जाडीची. जाडी पट्टीने मोजून घ्या: जुनी डिस्क ९.५ मिमीची असेल तर ७ मिमीची एसएसडी कॅडीत (ड्राइव्ह धरणाऱ्या कप्प्यात) हलते आणि खाली प्लास्टिकची चौकट द्यावी लागते. इथे जुनीही ७ मिमीचीच होती.

खर्च: एसएसडी ४,६०० रुपये, यूएसबी ३.० ची २.५ इंची केस (ड्राइव्ह बाहेरून जोडायची डबी) ६५० रुपये. मधल्या प्रतीसाठी १ टीबीची एक जुनी पण निरोगी लॅपटॉप डिस्क दुकानात पडून होती. नसती तर दोन हजारांच्या आसपास आणखी गेले असते. ती का लागली ते पुढच्या नोंदीत. म्हापशाच्या दोन फेऱ्यांत एक अख्खा कामाचा दिवस गेला.

८ जुलै

प्रत काढण्याआधी जुन्या डिस्कची तब्येत पाहिली. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून स्मार्ट-सीटीएल (डिस्कने स्वतःच्या तब्येतीच्या ठेवलेल्या ‘स्मार्ट’ नोंदी दाखवणारी कमांड) चालवलं. वरच्या ओळीत निकाल ‘पास्ड’ आला. त्यावर समाधान मानू नका, खालचा तक्ता वाचा (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा साठवणीचा छोटा तुकडा):

क्रमांक ५, बदली दिलेले सेक्टर: ०
क्रमांक १९७, वाचता न येणारे, निर्णय प्रलंबित असलेले सेक्टर: २४
क्रमांक १९८, दुरुस्त न होणारे सेक्टर: २४
क्रमांक १९९, केबलवरच्या चुका: ०

१९७ मध्ये शून्याहून जास्त काहीही असेल तर नेहमीची क्लोनिंगची (डिस्कची हुबेहूब प्रत काढण्याची) साधनं वाटेत अडखळतात किंवा थांबतात, आणि तिथेच पुन्हा पुन्हा डोकं आपटून डिस्क आणखी थकवतात. २४ सेक्टर म्हणजे ५१२ बाइटच्या हिशेबाने १२,२८८ बाइट. या डिस्कचा प्रत्यक्ष सेक्टर ४,०९६ बाइटचा, म्हणजे खराब जागा तीनच. आकडा छोटा आहे, पण त्या तीन जागा कुठल्या फायलींत आहेत हे कळल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

म्हणून काम दोन टप्प्यांत: आधी डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरून वाचता येईल ते उचलणाऱ्या साधनाने) जुन्या डिस्कची सेक्टर-न्-सेक्टर प्रत दुसऱ्या १ टीबी डिस्कवर, आणि मग त्या निरोगी प्रतीवरून एसएसडी. डीडीरेस्क्यूने थेट ५०० जीबीवर जाता येत नाही, कारण त्याला लक्ष्य डिस्क मूळ डिस्कइतकी तरी मोठी लागते. चेकडिस्क (फाइलव्यवस्थेची तपासणी-दुरुस्ती) किंवा पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग) लहान करणं असलं लिहिण्याचं कोणतंही काम आजारी डिस्कवर करायचं नाही, ते सगळं प्रतीवर.

विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून ‘शट डाउन’ केलं. एरवी फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपते आणि लिनक्सला पार्टिशन अर्धवट अवस्थेत सापडतं.

९ जुलै

दिवसभरात हाती काही लागलं नाही, पण दोन्ही कारणं लिहून ठेवण्याजोगी आहेत.

सकाळी साडेनऊला डीडीरेस्क्यू सुरू केलं. वेग ३४ एमबी प्रति सेकंद. जुनी डिस्क मंद असेल म्हणून सोडून दिलं. चाळीस मिनिटांनी लक्षात आलं की केस उजव्या बाजूच्या पोर्टात आहे आणि तो यूएसबी २.० चा आहे. डावीकडचा निळ्या जिभेचा पोर्ट ३.० चा. त्यात लावल्यावर वेग ९५ ते १०५. ३४ च्या वेगाने १ टीबीला आठ तास लागले असते, ९५ ने तीन तासांच्या आत होतं. पहिल्या दोन मिनिटांत वेगाचा आकडा बघून घ्यावा.

पुन्हा सुरुवातीपासून. दुपारी साडेबाराच्या सुमाराला पावसाच्या सरीत लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी इतकी दमलेली की सहा मिनिटांत यंत्र बंद. डीडीरेस्क्यू कुठपर्यंत आलं याची नोंद एका मॅपफायलीत ठेवतं, आणि ती फाइल असेल तर काम तिथूनच पुढे चालू होतं. पण मॅपफाइल लाइव्ह लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये होती, म्हणजे रॅममध्ये. यंत्र बंद झालं आणि ती पुसली गेली. दोन तास दहा मिनिटांचं काम पाण्यात.

उपाय दोन. मॅपफाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवायची (८ जीबीचा पुरेसा आहे, फाइल काही केबीचीच असते). आणि दुकानातल्या डेस्कटॉपचा ६०० व्हीएचा यूपीएस काढून लॅपटॉपचा अडॅप्टर त्यावर लावला. केसला वीज यूएसबीतूनच मिळते, त्यामुळे तिची वेगळी सोय लागत नाही. फक्त केबल छोटी आणि जाड हवी. लांब बारीक केबलवर डिस्क फिरायला लागताना व्होल्टेज पडतं आणि ड्राइव्ह मध्येच गायब होतो.

जुलैत आपल्याकडे यूपीएसशिवाय हे काम सुरूच करू नये.

१० जुलै

पहिली फेरी ‘एन’ पर्यायासह, म्हणजे अडलेल्या जागी रेंगाळायचं नाही, आधी वाचता येतंय ते सगळं उचलायचं. लागलेला वेळ २ तास ५८ मिनिटं. मध्ये एकदा लाइट गेली, यूपीएसने पंचवीस मिनिटं काढली, काम थांबलं नाही. शेवटी पडद्यावर: खराब जागा ३, एकूण १२,२८८ बाइट. स्मार्टच्या आकड्याशी तंतोतंत जुळलं.

दुसरी फेरी ‘डी’ आणि ‘आर ३’ पर्यायांसह, त्याच मॅपफायलीवर. फक्त त्या तीन जागा, प्रत्येकी तीन प्रयत्न. बारा मिनिटं लागली. प्रत्येक अपयशी वाचनानंतर डिस्क काही सेकंद थिजते आणि आतून खट्-खट् ऐकू येतं. एक जागा दुसऱ्या प्रयत्नात वाचली गेली. उरल्या दोन, ८,१९२ बाइट. इथे थांबलो. प्रयत्न शंभर केले तरी चालतात, पण त्या दोन जागांसाठी बाकीची डिस्क पणाला लावायची नव्हती.

आता त्या दोन जागा कोणत्या फायलींच्या पोटात आहेत ते शोधायचं. डीडीरेस्क्यूच्या ‘फिल मोड’ने प्रतीवरच्या नेमक्या त्याच जागा एका ठरावीक खुणेच्या शब्दाने भरल्या. शब्द असा घ्यायचा की तो कुठल्याही खऱ्या फायलीत असणार नाही. मग दोन्ही पार्टिशन फक्त वाचण्यापुरती माउंट करून ग्रेप या शोधायच्या कमांडने तो शब्द सगळीकडे शोधला. या शोधाला दीड तास लागला. मूळ डिस्कला हात न लावता उत्तर मिळालं:

एक, सी ड्राइव्हवर विंडोज अपडेटच्या डाउनलोड फोल्डरातली एक फाइल. निरुपयोगी, काढून टाकली.
दोन, डी ड्राइव्हवर एका जत्रेच्या पत्रकासाठी स्कॅन केलेला टिफ फोटो. उघडल्यावर देवळाच्या शिखराच्या मधोमध एक आडवी करडी रेघ. मूळ फोटो दुकानात होता, तो पुन्हा स्कॅन केला.

एवढं कळलं नसतं तर स्थलांतर ‘यशस्वी’ झालं असतं आणि ती रेघ पुढच्या वर्षी छापून आली असती.

११ जुलै

जुनी डिस्क काढली, प्रत तिच्या जागी बसवली, लॅपटॉप तिच्यावरून नेहमीसारखा चालू झाला. यापुढे मूळ डिस्क पाकिटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. काम पक्कं होईपर्यंत तिला पुन्हा वीज द्यायची नाही.

प्रतीवरची तयारी:

दोन्ही ड्राइव्हवर चेकडिस्क. सी वर किरकोळ दुरुस्त्या, डी साफ. त्यानंतर विंडोजच्या स्वतःच्या फायली तपासून दुरुस्त करायला ‘डिसम’चं रिस्टोअर हेल्थ आणि ‘एसएफसी स्कॅन नाऊ’. काही फायली बदलल्याचा संदेश, दुसऱ्यांदा चालवल्यावर साफ.

‘पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ’. हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही बंद, काही जीबी जागाही मोकळी.

‘मॅनेज-बीडीई स्टेटस’, ड्राइव्ह एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) आहे का ते बघायला. होम आवृत्तीतही डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असू शकतं. इथे बंद होतं. चालू असेल तर आधी पूर्ण उलगडून घ्या, आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

‘रीएजंट-सी स्लॅश डिसेबल’. याने दुरुस्तीची व्यवस्था वेगळ्या पार्टिशनमधून उचलून सी ड्राइव्हवर येते. मग जुन्या रिकव्हरी पार्टिशनची प्रत काढावीच लागत नाही, नव्या ड्राइव्हवर हवं तेवढं मोठं बनवता येतं.

टॅलीचं लायसन्स सरेंडर केलं (या यंत्रावरून सोडवलं). याला इंटरनेट लागतं. डिस्क बदलल्यानंतर आठवण झाली तर जास्त खटपट पडते, म्हणून आधीच.

विंडोजच्या सक्रियतेची काळजी नव्हती. डिजिटल लायसन्स मदरबोर्डाला बांधलेलं असतं, ड्राइव्ह बदलल्याने जात नाही.

१२ जुलै

क्लोनझिला या क्लोनिंगच्या साधनाने डिस्क-टू-डिस्क करून पाहिलं. लक्ष्य लहान आहे म्हणून नकार. तज्ज्ञ मोडमध्ये आकाराची तपासणी वगळायचा ‘आय-सी-डी-एस’ पर्याय आहे, तो निवडला. तरीही अडलं, आणि अडणारच होतं: डी पार्टिशनची हद्द ९३० जीबीपर्यंत जाते आणि नवा ड्राइव्ह ४६५ लाच संपतो. (५०० जीबीचा ड्राइव्ह विंडोजला ४६५ दिसतो. विकणारा हजाराने मोजतो, विंडोज १०२४ ने.) हा पर्याय फक्त तेव्हा कामाचा, जेव्हा सगळी पार्टिशनं आधीच लहान करून पुढच्या भागात आणलेली असतात. डी काढून टाकलं असतं तर जमलं असतं, पण मग हातात एकच आजारी मूळ प्रत उरली असती. ते नको. तास गेला.

दुसरा मार्ग, आणि हाच करावा असं आता ठाम मत आहे: एसएसडीवर पार्टिशनं हाताने पाडायची, सी तेवढं पार्टिशन-टू-पार्टिशन उतरवायचं, बूटच्या (यंत्र सुरू करणाऱ्या) फायली नव्याने बनवायच्या, डी वरच्या फायली साध्या कॉपीने न्यायच्या. पायऱ्या जास्त, पण प्रत्येक पायरी कळते आणि बिघडली तर तेवढीच पुन्हा करता येते.

एसएसडी केसमध्ये घालून डिस्कपार्ट या विंडोजच्या कमांडने जीपीटी (पार्टिशनांची यादी ठेवण्याची आजची पद्धत) मांडणी:

ईएफआय (बूटच्या फायलींसाठी) २६० एमबी, फॅट ३२
एमएसआर (विंडोजसाठी राखीव) १६ एमबी
सी २४० जीबी, मूळ सी इतकंच (क्लोनझिलाला लक्ष्य पार्टिशन समान किंवा मोठं लागतं)
रिकव्हरी १ जीबी
डी उरलेलं, सुमारे २२४ जीबी

रिकव्हरी मुद्दाम सी ला लागून आणि १ जीबीचं. जानेवारी २०२४ मध्ये केबी ५०३४४४१ हे अपडेट असंख्य यंत्रांवर ०एक्स८००७०६४३ या एररने अडलं होतं, कारण फक्त रिकव्हरी पार्टिशन अपुरं होतं. पाचशे एमबी वाचवून ती डोकेदुखी ओढवून घेऊ नये. पार्टिशनं आपोआप १ एमबीच्या पटीत सुरू होतात, त्यामुळे अलाइनमेंट नीट बसतं.

क्लोनझिलाने सी उतरवलं. वापरलेली जागा ११८ जीबी, वेळ २७ मिनिटं. मोकळे ब्लॉक ते उचलतच नाही.

१३ जुलै

एसएसडी लॅपटॉपच्या आत, प्रतीची डिस्क यूएसबी केसमध्ये. विंडोज इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून चालू करून शिफ्ट-एफ १० ने कमांड खिडकी. ईएफआय पार्टिशनला एस अक्षर दिलं, विंडोजच्या पार्टिशनला डब्ल्यू. या वातावरणात अक्षरं वेगळी असतात, सी म्हणजे सी असं गृहीत धरू नका, ‘लिस्ट व्हॉल्यूम’मध्ये आकार बघून ओळखा. मग ‘बीसीडीबूट डब्ल्यू विंडोज, स्लॅश एस एस, स्लॅश एफ यूईएफआय’, म्हणजे डब्ल्यू वरच्या विंडोजसाठी बूटच्या फायली एस वर.

पहिल्यांदा ‘बूटच्या फायली कॉपी करता आल्या नाहीत’ असा संदेश. ईएफआय पार्टिशन बनवलं होतं, फॉरमॅट करायचं राहिलं होतं. फॅट ३२ केल्यावर लगेच झालं.

यंत्र चालू केलं. विंडोजचा लोगो, वर्तुळ, लॉगिन. पासवर्ड टाकल्यावर काळा पडदा आणि नुसता माउसचा बाण. टास्क मॅनेजर उघडतो, पण डेस्कटॉप येत नाही.

या एका चुकीने साडेतीन तास खाल्ले. डी वरचा डेटा लगेच कॉपी करता यावा म्हणून प्रतीची डिस्क केसमध्ये जोडलेलीच ठेवली होती. कोणत्या पार्टिशनला कोणतं अक्षर हे विंडोज रजिस्ट्रीतल्या (स्वतःच्या सेटिंगांच्या कोठारातल्या) ‘माउंटेड डिव्हायसेस’ या जागी पार्टिशनच्या ओळखक्रमांकासह लिहून ठेवते. ती नोंद सी बरोबर जशीच्या तशी आली, आणि तिच्यात ‘सी म्हणजे जुनं पार्टिशन’ असं लिहिलेलं. जुनं पार्टिशन केबलच्या टोकाला हजर होतं! विंडोजने सी हे अक्षर त्याला दिलं आणि स्वतःच्या नव्या घराला दुसरं. वापरकर्त्याचे सगळे मार्ग सी ने सुरू होतात, म्हणून डेस्कटॉप सापडेना. आधी ग्राफिक्स ड्रायव्हर समजून सेफ मोड, मग बीसीडीबूट पुन्हा, मग क्लोनच पुन्हा, असं करत वेळ गेला. क्लोन निर्दोष होता.

दुरुस्ती: केस काढून ठेवली. इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून चालू करून रेजएडिट (रजिस्ट्री बदलायचं साधन) उघडलं, ‘एचकी लोकल मशीन’वर उभं राहून ‘लोड हाइव्ह’, डब्ल्यू वरच्या विंडोज, सिस्टम ३२, कॉन्फिग या फोल्डरातली ‘सिस्टम’ फाइल, नाव काहीही. तिच्यातल्या ‘माउंटेड डिव्हायसेस’मधल्या ‘डिफॉल्ट’ सोडून सगळ्या ओळी काढल्या, हाइव्ह अनलोड केली, यंत्र पुन्हा चालू. विंडोजने स्वतःला सी दिलं, डेस्कटॉप आला.

पहिला बूट नवा ड्राइव्ह एकटाच असताना करायचा. जुन्याची केबल काढा, केस टेबलावरूनही उचलून ठेवा.

१४ जुलै

नोंदी पुसल्यामुळे अक्षरं नव्याने वाटली गेली आणि डी हे अक्षर डीव्हीडी ड्राइव्हकडे गेलं. पेजमेकरच्या फायलींत फोटोंचे दुवे पूर्ण मार्गाने असतात, डी ने सुरू होणारे. डेटा ई वर गेला तर प्रत्येक पत्रक उघडताना एकेक फोटो कुठे आहे ते विचारलं जाईल. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डीव्हीडीला झेड दिलं, डेटाच्या पार्टिशनला डी.

मग केस जोडून रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपीच्या कमांडने १७१ जीबी. पर्याय: उपफोल्डरांसह, तारखांसह, जंक्शन (दुसऱ्या फोल्डरकडे नेणारे दुवे) वगळून, ‘आर १’ आणि ‘डब्ल्यू १’ (अडल्यास एकच पुन्हा प्रयत्न, एक सेकंद थांबून). शेवटचे दोन विसरू नका. न दिल्यास रोबोकॉपी अडलेल्या फायलीवर दहा लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी तीस सेकंद थांबून. ५५ मिनिटांत संपलं, अपयशी फायली शून्य. फोल्डरांची आणि फायलींची संख्या दोन्हीकडे मोजून जुळवली.

टॅलीचं लायसन्स पुन्हा सक्रिय केलं. डोंगल लावताच ओळखला गेला, ड्रायव्हर सी बरोबर आलेलाच होता. २०१६ चं एक नाटकाचं हँडबिल पेजमेकरमध्ये उघडून पाहिलं: जोडाक्षरं, रफार, सगळे फोटो जागेवर.

‘रीएजंट-सी स्लॅश एनेबल’ करण्याआधी डिस्कपार्टने रिकव्हरी पार्टिशनचा प्रकार आणि गुणधर्म द्यावे लागतात, नाहीतर ते साध्या ड्राइव्हसारखं एक्स्प्लोररमध्ये दिसत राहतं.

१५ जुलै

चालू केल्यापासून पेजमेकर उघडेपर्यंत ३१ सेकंद. पण मधूनच यंत्र तीन-चार सेकंद पूर्ण थिजायचं, आणि मग काहीच न झाल्यासारखं चालायचं. नवी एसएसडी असं करत नाही.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १२९ आणि १५३ क्रमांकाच्या नोंदी: ड्राइव्हला रीसेट पाठवलं, वाचन पुन्हा करावं लागलं. स्मार्टमध्ये १९९, केबलवरच्या चुका, ३७. परवा बसवताना हाच आकडा ० होता. एसएसडी ठीक, वाट खराब.

झाकण उघडलं. या लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह थेट बोर्डाला लागत नाही, मधे बोटभर रुंदीची चपटी रिबन केबल आहे. तिचं बोर्डाकडचं टोक एका काळ्या खिट्टीखाली सरकवलेलं असतं. भिंग धरून पाहिलं तर सोनेरी पट्ट्यांपैकी कडेच्या तिघींवर फिकट हिरवट पापुद्रा. समुद्र जवळ, खारी दमट हवा, आणि दुकान वर्षभर उघडं. जुनी डिस्क त्याच पट्ट्यांवर वर्षानुवर्षं हललेली नव्हती, म्हणून तिचं चालून गेलं. परवापासून तीनदा काढघाल झाल्यावर पट्ट्या जुन्या खाचांतून सरकल्या आणि पापुद्रा मधे आला.

९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड, पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने पुसलं. आडवं घासलं तर पट्टी सुटू शकते. खोडरबर वापरू नका, त्याचा भुगा खिट्टीत अडकतो. दहा मिनिटं सुकू दिलं. रिबन अगदी तळापर्यंत सरकवून, पांढरी रेघ खिट्टीच्या कडेला समांतर आहे हे बघून मग खिट्टी दाबली. कॅडीचे चारही स्क्रू लावले. परवा दोनच लावले होते, तीही घाई नडली असणार. अल्कोहोलच्या बाटलीचे १८० रुपये.

१९९ चा आकडा कधीच कमी होत नाही. तो पुढे वाढतो का एवढंच पाहायचं.

१६ जुलै

उरलेल्या बारीक गोष्टी. ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’मध्ये सी अजून हार्ड डिस्क म्हणून दिसत होता. जुनी ओळख सोबत आली होती. तसं राहिलं तर विंडोज त्यावर डीफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणं) चालवेल. ‘विनसॅट फॉर्मल’ चालवल्यावर ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ झालं. ट्रिम (पुसलेली जागा कोणती ते एसएसडीला कळवणं) तपासलं: ‘एफएसयूटिल बिहेवियर क्वेरी डिसेबल डिलीट नोटिफाय’चं उत्तर ०, म्हणजे ट्रिम चालू. इथे शून्य हे हवं असलेलं उत्तर आहे.

पेजफाइल, सिसमेन, इंडेक्सिंग या विंडोजच्या मागे चालणाऱ्या सोयींना हात लावला नाही. एसएसडी वाचवण्याच्या नावाखाली ते बंद करायचे सल्ले जुन्या, अगदी लहान ड्राइव्हच्या काळातले आहेत.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेला आहे आणि हा प्रोसेसर ११ ला चालतो, त्याला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय पण आहे. तरी अपग्रेड आज नाही. स्थलांतर आणि अपग्रेड एकाच आठवड्यात केलं तर उद्या काही बिघडल्यावर दोष कुणाचा ते शोधता येत नाही. चवथीची छपाई संपल्यावर बघायचं. विंडोज ११ वर गेल्यापासून दहा दिवसांत मागे फिरता येतं, तेव्हा त्या दहा दिवसांत पेजमेकर, डोंगल आणि दोन्ही प्रिंटर तपासून घ्यायचे.

३० जुलै

दोन आठवडे रोजचं काम. थिजणं एकदाही नाही. १२९ आणि १५३ च्या नोंदी १५ जुलैनंतर शून्य.

प्रतीची १ टीबी डिस्क आता केसमध्येच राहील. तिच्यावरचं सगळं ठेवून शिल्लक जागेत डी ड्राइव्हचा बॅकअप दर शनिवारी. रोबोकॉपीची तीच ओळ एका बॅच फायलीत टाकून दिली आहे. मूळ डिस्क आणखी महिनाभर पाकिटात. त्यानंतर ती पूर्ण पुसायची. लोकांच्या पत्त्यांच्या याद्या आणि हिशेब तिच्यावर आहेत, म्हणून भंगारात द्यायच्या आधी प्लॅटरला (आतल्या तबकडीला) भोकं पाडायची.

प्रत्यक्ष कामाचे सुमारे २१ तास, त्यातले साडेसात चुकांमुळे. खर्च ५,४३० रुपये, दोन फेऱ्यांचं पेट्रोल वेगळं.

२३ ऑगस्ट

१९९: ३७.